एका छपराखालची तीन म्हातारपणं

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. वित्तमंत्री आणि मा. अपर मुख्य सचिव (वित्त),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: १ नोव्हेंबर २००५ या तारखेने वाटून टाकलेल्या म्हातारपणाबाबत.



नोव्हेंबर लागला की मी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते. आधार कार्ड, पासबुक आणि पीपीओची, म्हणजे निवृत्तीवेतनाच्या आदेशाची, झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते, पिशवीला रबर लावते. रांगेत सगळे ओळखीचेच असतात. निवृत्त ग्रामसेवक, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, काठी टेकत आलेले माझे जुने मुख्याध्यापक. काउंटरवरचा मुलगा यादीत नाव शोधतो, नावापुढे सही घेतो आणि म्हणतो, "झालं बाई, या आता पुढच्या वर्षी." त्या एका सहीवर माझं पुढचं वर्ष निघतं. किराणा, औषधं, नातीची फी, कुणाच्या लग्नातला आहेर. मला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

ही रांग दर वर्षी १ नोव्हेंबरला सुरू होते. आणि १ नोव्हेंबर याच तारखेने माझ्या मुलाच्या पिढीसाठी ती रांग बंद केली. ३१ ऑक्टोबर २००५ ला शासन निर्णय निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून नोकरीत येणाऱ्या प्रत्येकाचं जुनं निवृत्तीवेतन संपलं. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. घराघरात पणत्या लागल्या होत्या. आपल्या लेकरांच्या म्हातारपणाचा दिवा त्याच संध्याकाळी कुणी मालवला, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. मी तेव्हा नोकरीत होते. माझं काही जात नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. हे पत्र लिहायला मला इतकी वर्षं लागली, याची मला लाज वाटते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. १९८६ साली रुजू झाले, २०१९ साली निवृत्त झाले. राहते तळेगाव (श्यामजी पंत) इथं, आष्टी तालुका, वर्धा जिल्हा. नागपूर-अमरावती महामार्गावरचं आमचं गाव. आर्वीकडून आष्टी-वरुडकडे जाणारा रस्ता इथंच महामार्गाला ओलांडतो, आणि गावात एसटीचं आगार आहे. पहाटे पहिली गाडी सुरू झाली की तिच्या आवाजाने आमच्या घरात चहाचं आधण चढतं, कारण माझे यजमान त्याच आगारात ड्रायव्हर होते. मुलगा जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. तिघांनीही जनतेचीच चाकरी केली. तरी आमच्या एका छपराखाली तीन वेगवेगळी म्हातारपणं आहेत. ती तुमच्यापुढे मांडावीत, यासाठी हा पत्रप्रपंच.

पहिलं म्हातारपण माझं. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, १९८२ प्रमाणे मला शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मं निवृत्तीवेतन मिळतं. त्यावर महागाई भत्ता. तेल-डाळ महागली की भत्ता वाढतो, वेतन आयोग आला की निवृत्तीवेतन सुधारतं. माझ्या पगारातून यासाठी कधी कपात झाली नाही. भविष्य निर्वाह निधीत मी जे टाकत होते ते वेगळं, आणि तेही माझ्याच उपयोगी पडलं. घराचा स्लॅब टाकताना त्यातूनच पैसे काढले. मी उद्या गेले तर यजमानांना कुटुंब निवृत्तीवेतन मिळेल. या व्यवस्थेत मला बाजार कळावा लागला नाही. मला फक्त शिकवायचं होतं, आणि ते मी ३३ वर्षं केलं.

दुसरं म्हातारपण यजमानांचं. त्यांनी ३० वर्षं स्टेअरिंग धरलं. आर्वी, वरुड, वर्धा आणि आडवळणाच्या खेड्यांतल्या मुक्कामी गाड्या. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री गावात पोचायचं, ड्रायव्हर-कंडक्टरने गाडीतल्याच सीटवर अंथरूण टाकायचं आणि पहाटे शाळा-कॉलेजची पोरं घेऊन निघायचं. थंडीत काचेच्या फटीतून वारा येई, म्हणून मी त्यांना शाल देत असे. ती शाल अजून घरात आहे. २०१८ साली ते निवृत्त झाले. एसटीचा कर्मचारी राज्य शासनाच्या निवृत्तीवेतनात बसत नाही. त्याला केंद्राची कर्मचारी निवृत्तीवेतन योजना १९९५ लागू होते, जिला सगळे ईपीएस-९५ म्हणतात. या योजनेत पगार आणि सेवेची वर्षं यांचा गुणाकार करून त्याला ७० ने भागतात. ऐकायला हे हिशेबी वाटतं. पण धरायचा पगार खरा नसतो, कायद्याने घातलेल्या मर्यादेतला असतो. ती मर्यादा आधी ५ हजार होती, २००१ पासून साडेसहा हजार झाली, १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार झाली. त्यामुळे यजमानांच्या हाती महिन्याला तीन हजारांच्या आसपास रक्कम येते. त्यावर महागाई भत्ता नाही. २०१८ साली जेवढी आली तेवढीच आजही येते. यात दोष आगाराचा नाही, कायद्याचा आहे. पण रक्तदाबाच्या गोळ्या कायदा पाहून महाग होत नाहीत. या योजनेतलं किमान निवृत्तीवेतन २०१४ पासून महिना १ हजार रुपये आहे. ते वाढावं म्हणून बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून म्हाताऱ्या माणसांनी साखळी उपोषण धरलं. तत्कालीन खासदार भगतसिंह कोश्यारी यांच्या समितीने २०१३ सालीच किमान ३ हजारांची शिफारस केली होती.

घरात हा विषय कधी निघत नाही. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी पासबुक भरून आणलं की यजमान ते हातात घेत नाहीत. "ठेव कपाटात," म्हणतात. ज्या माणसाने हजारो लोकांना सुखरूप घरी पोचवलं, त्याला स्वतःच्या घरात मान खाली घालावी लागते, हे मी रोज बघते.

तिसरं म्हातारपण मुलाचं. ते अजून यायचं आहे, म्हणून त्याचीच मला जास्त काळजी. तो २०१० साली शिक्षणसेवक म्हणून लागला. तीन वर्षं मानधनावर काढली, मग कायम झाला, आणि कपात सुरू झाली. मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के त्याचे, तेवढेच शासनाचे; १ एप्रिल २०१९ पासून शासनाचा वाटा १४ टक्के झाला. आधी या योजनेचं नाव होतं परिभाषित अंशदान निवृत्तीवेतन योजना. तिच्या नावातच सगळं आहे. अंशदान ठरलेलं, निवृत्तीवेतन मात्र ठरलेलं नाही. नंतर ती राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये विलीन झाली. जमा रक्कम बाजारात गुंतवली जाते. निवृत्तीच्या दिवशी जे साठलं असेल त्यातले ६० टक्के हातात, आणि किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी घ्यायची. तिच्यातून दरमहा जे येईल ते निवृत्तीवेतन.

पहिली काही वर्षं मुलाच्या पगारातून कापलेले पैसे नेमके कुठं जमा झाले, हे त्याला कुणी सांगितलं नाही. पावती नाही, खात्याचा उतारा नाही. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवणी. त्या कार्यालयांची नावं मी घेत नाही, कारण ही गोष्ट एका कार्यालयाची नाही. मुलाने शेवटी एक दोनशे पानी वही केली. दर महिन्याच्या पगारपत्रकावरून कपातीचा आकडा त्यात उतरवायचा, शेजारी शासनाचा वाटा, शेजारी व्याज. शेवटचा रकाना, 'खात्यात जमा', कितीतरी पानांवर कोराच आहे. मी आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्या. कोरा रकाना दिसला की मी लाल शाईने गोल करत असे. ही वही माझ्यापुढे आली तेव्हा तो गोल कुणाच्या नावाने करावा, ते मला कळेना.

मान्यवर, निवृत्तीवेतन ही खिरापत नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे स्पष्ट सांगितलं. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते, आणि तो दिवस आजही निवृत्तिवेतनधारक आपला दिवस म्हणून पाळतात. त्या खटल्याचा मुद्दाही तारखेचाच होता. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना एक हिशेब, नंतरच्यांना दुसरा, अशी ती विभागणी होती. न्यायालयाने ती समानतेच्या हक्काशी विसंगत ठरवली. २००५ ची गोष्ट कायद्याच्या भाषेत वेगळी आहे, हे मी जाणते. तिथं योजनाच नवी आणली. पण कायद्यात न बसणारा अन्यायही अन्यायच असतो. एकाच शाळेत, एकाच हजेरीपटावर सही करणारे दोन शिक्षक. दोघांचं डीएड सारखं, दोघांना जनगणना आणि निवडणुकीची कामं सारखी. एकाचं म्हातारपण शासनाने सांभाळायचं, दुसऱ्याचं बाजाराने. का, तर एक दिवाळीच्या आधी लागला आणि दुसरा दिवाळीनंतर.

खरं तर शासनाने त्या दिवशी पैसे वाचवले नाहीत, धोका उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. माणूस किती वर्षं जगेल, महागाई किती वाढेल, तो निवृत्त होईल त्या महिन्यात बाजार वर असेल की खाली, हे तीन धोके आधी शासन पेलत होतं. शासनाला ते पेलतात, कारण त्याच्याकडे लाखो माणसांचा आणि शंभर वर्षांचा हिशेब असतो. एकट्या शिक्षकाला, तलाठ्याला, परिचराला ते पेलत नाहीत. त्याला म्हातारपण एकदाच येतं, आणि ते चुकलं तर दुसऱ्यांदा मागता येत नाही.

हा धोका सगळ्यात आधी कुणाच्या अंगावर आला ते सांगते. मुलाबरोबरचा एक शिक्षक २००७ साली लागला होता. २०१४ साली मोटारसायकलच्या अपघातात गेला. सेवा सात वर्षं. पदरी दोन लहान लेकरं. जुन्या नियमात असता तर बायकोला कुटुंब निवृत्तीवेतन मिळालं असतं. नव्या योजनेत त्याची तरतूदच नव्हती. मग त्या पोरीने फॉल-पिकोचं मशीन घेतलं. घर चाललं ते सासऱ्याच्या निवृत्तीवेतनावर. सासरे शाळेतले निवृत्त शिपाई. मुलगा शिक्षक झाला म्हणून ज्यांनी गावात पेढे वाटले, त्यांनाच सत्तरीत सून आणि नातवंडं सांभाळावी लागली. एका शिपायाच्या जुन्या पेन्शनीने तीन पिढ्या तगवल्या, आणि एका शिक्षकाच्या नव्या योजनेने एकही नाही. २०१८ साली शासनाने १० वर्षांच्या आत गेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाखांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं. ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने कुटुंब निवृत्तीवेतन आणि उपदानाची तरतूद केली. ही दोन्ही पावलं चांगली आहेत, त्यासाठी आभार. पण २०१४ ते २०२३ ही नऊ वर्षं तिने मशीनवर काढली, ती कुठल्या शासन निर्णयाने भरून येणार?

तुम्ही म्हणाल, तिजोरी सगळ्यांची आहे. बरोबर आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन वित्तमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं होतं की जुनी योजना आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. पुढच्याच फेब्रुवारीत नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाचा निकाल लागला आणि जुन्या पेन्शनच्या मागणीवर लढलेले सुधाकर अडबाले निवडून आले. आमचा वर्धा जिल्हा त्याच मतदारसंघात. १४ मार्च २०२३ ला राज्यभरातले लाखो कर्मचारी संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा मुलाने घरातही इतकी दिली की नात ती खेळताना म्हणायची. समिती बसली, आणि सातव्या दिवशी, २० मार्चला, संप मिटला. बोजाचा प्रश्न मी उडवून लावत नाही. मुलांना भागाकार शिकवलेली बाई आहे मी. पण बोजा मोजायचा तर दोन्ही बाजूंनी मोजावा. नव्या योजनेतही शासन दरमहा १४ टक्के भरतंच आहे, आणि त्याच वेळी माझ्यासारख्या जुन्यांचं निवृत्तीवेतनही देतं आहे. प्रश्न पैसे द्यायचे की नाही हा नाही. दिलेल्या पैशातून माणसाला ठरलेली रक्कम मिळेल की नाही, हा आहे. शासनाने त्या १४ टक्क्यांचा शिस्तीत निधी उभा केला आणि वरून हमी दिली, तर बोजाही आवरता येतो आणि शब्दही राहतो.

दुसरा आक्षेप माझ्या माहेरचा. माझा भाऊ संत्र्याचा बागायतदार. आंबिया बहाराची फळगळ झाली की वर्षभराची कमाई झाडाखाली सडते. तो म्हणतो, "ताई, तुमचं बरं आहे जी. माह्या म्हातारपणाचं कोन पायते?" त्याचा प्रश्न खरा आहे, आणि मी त्याला टाळत नाही. केंद्राची शेतकऱ्यांची मानधन योजना २०१९ साली आली तेव्हा त्यात ४० वर्षांपर्यंतच्यांनाच प्रवेश होता, भाऊ तेव्हा पन्नाशीत. श्रावणबाळ योजनेत निराधार म्हाताऱ्यांना महिना दीड हजार मिळतात. एवढ्यात कुणाचं काय होतं? पण भावाला नाही म्हणून माझ्या मुलालाही नको, हा न्याय नव्हे. विहिरीला पाणी कमी असलं तर आपण विहीर खोल करतो, शेजाऱ्याचा पोहरा फोडत नाही. आणि हेही सांगते, बाग बुडाली त्या वर्षी भावाच्या खताच्या पोत्यांचे पैसे माझ्या पेन्शनीतून गेले. खेड्यात निवृत्तीवेतन एका माणसापाशी थांबत नाही. ते किराणा दुकानात जातं, मेडिकलमध्ये जातं, पुतण्याच्या फीत जातं.

काही जण म्हणतात, हातात रोख मोठी रक्कम येते ती काय वाईट? त्यांच्यासाठी परक्या मुलखातली, पण आपल्याशी नातं असलेली गोष्ट सांगते. टाटा स्टीलने २००७ साली ब्रिटनमधली कोरस ही पोलाद कंपनी घेतली. तिच्याबरोबर ब्रिटिश स्टीलची निवृत्तीवेतन योजनाही आली, जिच्यात पगारावर ठरलेली रक्कम मिळायची. ३१ मार्च २०१७ ला त्या योजनेत पुढची सेवा मोजणं बंद झालं. मग कामगारांपुढे पर्याय ठेवले गेले. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटसारख्या पोलादनगरीत सल्लागार मंडळी बैठका घेऊ लागली. सुमारे आठ हजार कामगारांनी आपला हक्क सोडून एकरकमी पैसे दुसरीकडे वळवले. पुढे तिथल्या वित्तीय नियामकाला दिसलं की त्यातला जवळपास निम्मा सल्ला कामगारांच्या हिताचा नव्हता. भट्टीपुढे आयुष्य घालवलेली माणसं ती. पोलाद त्यांना कळत होतं, बाजार नाही. तिकडे सल्लागार आले, इकडे दामदुप्पटवाले येतात, प्लॉटवाले येतात, अडलेले नातेवाईक येतात. निवृत्त माणसाच्या घरी मोठी रक्कम आली की ती गावाला कळतेच. रकमेला पाय फुटतात. दरमहा येणाऱ्या पेन्शनीला फुटत नाहीत.

मान्यवर, निवृत्तीवेतन ठरलेलं हवं, हे तुम्ही स्वतःही मानलं आहे, आणि तीच माझी आशा आहे. मार्च २०२४ मध्ये विधानसभेत सुधारित राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजना जाहीर झाली. शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तीवेतन, त्यावर महागाई भत्ता, आणि त्या निवृत्तीवेतनाच्या ६० टक्के कुटुंबाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तीवेतन योजना आणली आणि राज्यानेही ती स्वीकारली. २ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने, ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती पण रुजू व्हायला उशीर झाला, त्यांना जुनी योजना निवडण्याची संधी दिली. म्हणजे ती तारीख दगडावरची रेघ नव्हती. मनात आणलं तर ती पुसता येते. आता अर्धवट पुसून थांबू नका.

माझ्या मागण्या थोड्या आहेत.

पहिली, हिशेब. ज्याच्या ज्याच्या पगारातून या योजनांसाठी कपात झाली, त्याला पहिल्या महिन्यापासूनचा उतारा लेखी द्या. त्याचा वाटा, शासनाचा वाटा, व्याज, आणि पैसे उशिरा जमा झाले असतील तर त्या उशिराची भरपाई. मुलाच्या वहीतला एकही रकाना कोरा राहू नये.

दुसरी, उशिरा लागलेली माणसं. आमच्या आष्टी तालुक्यात अप्पर वर्धा धरणाने जमिनी गेलेली कुटुंबं आहेत. त्यांतली काही मुलं प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून नोकरीला लागली, तीही कित्येक वर्षं वाट पाहून, चाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यांची सेवा १५-१८ वर्षांचीच होणार. केंद्राच्या योजनेत पूर्ण ५० टक्क्यांसाठी २५ वर्षांची अट आहे. अशा अटी त्यांना कधीच गाठता येणार नाहीत. समजा, अशा एखाद्याचे निवृत्तीला २५ लाख जमले. त्यातल्या १० लाखांची ॲन्युइटी घेतली आणि ६ टक्के दर मिळाला, तर महिन्याला ५ हजार रुपये, तेही आयुष्यभर तेवढेच. ज्याने शासनाच्या धरणासाठी शेत दिलं, त्याला शासनानेच नोकरी उशिरा दिली. त्या उशिराची शिक्षा त्याच्या म्हातारपणाला नको. त्यांच्या सेवेच्या अटी वेगळ्या धरा.

तिसरी, अनुदानाची अट. खासगी शाळांतले जे शिक्षक २००५ च्या आधीपासून वर्गावर उभे आहेत, पण ज्यांची शाळा पूर्ण अनुदानावर नंतर आली, त्यांची नेमणूक ज्या दिवशी झाली तोच दिवस धरा. अनुदान शासनाने उशिरा दिलं. खडू त्यांनी त्याच दिवशी हातात घेतला होता.

चौथी, शब्दाचं बळ. ५० टक्क्यांचं आश्वासन आज शासन निर्णयावर उभं आहे. एका शासन निर्णयाने जे आलं, ते दुसऱ्याने जाऊ शकतं. ३१ ऑक्टोबर २००५ ने आम्हाला तेच शिकवलं. म्हणून १९८२ च्या नियमांसारखे पक्के नियम करा. जो नोकरीत येईल त्याला पहिल्या दिवशीच कळावं की आपल्याला शेवटी काय मिळणार आहे. माजी आमदारांचं निवृत्तीवेतन कायद्याने ठरलेलं आहे, ५० हजारांपासून पुढे, आणि ते बाजाराच्या चढउतारावर टांगलेलं नाही. ते काढून घ्या असं मी म्हणत नाही. लोकसेवेनंतर माणसाला आधार हवा, हे तत्त्व तुम्हाला मान्य आहे, एवढंच दाखवते. तेच तत्त्व ग्रामसेवकाला लावा, परिचराला लावा.

पाचवी मागणी यजमानांसाठी, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक निवृत्त एसटी कामगारासाठी, सूतगिरणी आणि साखर कारखान्यातल्या कामगारासाठी. ईपीएस-९५ केंद्राची आहे, तुमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. पण विधिमंडळाचा ठराव तुमच्या हातात आहे. या योजनेतलं किमान निवृत्तीवेतन वाढवा आणि त्याला महागाई भत्ता जोडा, असा एकमुखी ठराव करून दिल्लीला पाठवा. त्याने लगेच पैसे येणार नाहीत. पण आपलं सरकार आपल्या बाजूने बोललं, एवढं तरी या माणसांना कळेल.

मला स्वतःसाठी काही नको. माझं म्हातारपण शासनाने सांभाळलं आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. म्हणूनच बोलण्याचा अधिकार मला आहे असं वाटतं. निवृत्तीवेतन माणसाला काय देतं, हे मी रोज अनुभवते. त्याने माणूस श्रीमंत होत नाही, ताठ राहतो.

माझा मुलगा २०४२ साली निवृत्त होईल. तेव्हा मी बहुधा नसेन. त्या वर्षी नोव्हेंबर लागला की त्यानेही आधार कार्ड, पासबुक आणि झेरॉक्स पिशवीत घालावी, पिशवीला रबर लावावं आणि आमच्याच गावच्या बँकेत रांगेला उभं राहावं. काउंटरवरच्या कुणा मुलाने यादीत त्याचं नाव शोधून सही घ्यावी आणि म्हणावं, "झालं सर, या आता पुढच्या वर्षी." त्या यादीत त्याचं नाव असावं, एवढंच मागणं आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा